सिमेंटमधलं फूल

"आधी भंगारवाला, मग सुतार. ठसे मिळाल्याशिवाय घरी यायचं नाही," ठिपकीने फर्मान काढलं. तिचा मावसभाऊ ढब्बू चपला अडकवत मागे धावला.

ठिपकी सुट्टीत मावशीकडे आली होती ती कागद छापायला शिकायचं म्हणून. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवायचे फुलापानांचे कागद मावशी लाकडी ठशांनी छापायची. रेषांचा ठसा वेगळा, पाकळ्यांचा वेगळा, पानांचा वेगळा. सगळे आजोबांनी कोरलेले, आणि आजोबा आता नव्हते. काकांनी, म्हणजे ढब्बूच्या वडिलांनी, माळा आवरला आणि ठशांचं पोतंच दिसेनासं झालं. काका म्हणाले, चोरी झाली असणार. मावशीने तर जेवणच सोडलं होतं.

भंगारवाल्याने हात झटकले, सुताराने मान हलवली. परतताना ढब्बू नव्या फुटपाथवर एकदम थबकला. वाळलेल्या सिमेंटमध्ये एक फूल उमटलेलं होतं.

पुढेच रस्त्याचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमाला विचारलं, तर त्याने कानांवर हात ठेवले. मग ढब्बूने रोडरोलरबद्दल विचारून विचारून त्याला भंडावलं, आणि तेवढ्यात ठिपकीने फुलावर कागद धरून पेन्सिल घासली. एका पाकळीचा टवका उडालेला होता. मावशी ती पाकळी प्रत्येक कागदावर कुंचल्याने पुरी करायची.

कागद पाहून मुकादम वरमला. "माझ्या एका माणसाने गंमत म्हणून ठसा दाबून पाहिला. पण चोरी नाही रे बाबा. तुझ्या वडिलांनीच दिलं पोतं, जळण म्हणून."

डांबराच्या पिंपाखाली विस्तव होता. दोघांनी काठीने राख उकरली. कोळसेच निघाले. एकच ठसा वाचला होता, हातगाडीच्या चाकाखाली अडकवलेला. पानांचा.

घरी ढब्बूने सगळं सांगितलं. काका खाली मान घालून ऐकत होते. "पोरांनी छडा मात्र लावला," ते पुटपुटले.

मावशीने ठिपकीला जवळ घेतलं. "हुशार गं माझी बाळं. मला तर सुचलंही नसतं." ठिपकीला ते शब्द नकोसे झाले.

मग मावशीने पानांचा ठसा पुसला, हिरवा रंग लावला आणि कागदावर दाबला. पानं सुरेख उठली. मधे फुलांच्या जागा पांढऱ्या राहिल्या. सवयीने तिने गुलाबी रंगाची वाटी पुढे ओढली, झाकण उघडलं, आणि तशीच बसून राहिली.