फोटोत पिवळा रंगच नाही

घरचा यंत्रमानव गुंडू मॅचिंग सेंटरमधून पुन्हा रिकाम्या हाताने परतला, तेव्हा आत्याचा पारा चढला. तिने त्याला मोबाइलवर आपल्या साडीचा फोटो देऊन ब्लाउजपीस आणायला पाठवलं होतं. साडी पिवळीधमक, आणि दुकानात पिवळ्या कापडांचा ढीग.

"फोटोतल्यासारखं एकही कापड नाही," गुंडू शांतपणे म्हणाला. "फोटोत पिवळा रंगच नाही. लाल आणि हिरवा आहे."

"डोळे बिघडलेत याचे. उद्या कंपनीला परत देऊन टाकू," आत्या म्हणाली.

आत्याच्या भाचीने, शाल्मलीने ते ऐकलं. गुंडू आल्यापासून शाळा सुटल्यावर तिला घर खायला उठत नव्हतं. ती त्याला ओढतच गच्चीवर अप्पाआजोबांकडे घेऊन गेली. आजोबांनी जन्मभर डोळ्यांवर संशोधन केलं होतं.

"आजोबा, गुंडू खोटं बोलत नाही ना?"

"बघू या की." आजोबांनी मोबाइलवर साडीचा तोच फोटो उघडला आणि बोट ओलं करून पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब सोडला. थेंबाचं भिंग झालं. शाल्मली वाकून बघते तर पिवळ्या साडीच्या जागी लाल आणि हिरवे ठिपके दाटीवाटीने बसलेले.

"मग मला पिवळं कसं दिसतं?"

"आपल्या डोळ्यात शंकुपेशी (रंग टिपणाऱ्या पेशी) असतात, तीन प्रकारच्या. एक मुख्यतः लाल प्रकाश टिपते, दुसरी हिरवा, तिसरी निळा. पिवळा प्रकाश आला की पहिल्या दोघी जाग्या होतात. आणि लाल-हिरवा एकत्र आला तर?"

शाल्मलीने विचार केला. "तरी त्याच दोघी."

"मेंदूला कळतं ते एवढंच, कोण जागं झालं. तो दोन्ही वेळा म्हणतो, पिवळं. गुंडूच्या डोळ्यात मात्र वर्णपटमापक (प्रकाशातला प्रत्येक रंग वेगळा मोजणारं यंत्र) आहे. त्याला फसता येत नाही, म्हणून अडला बिचारा."

शाल्मली गुंडूकडे वळली. "तू मोजलेला प्रकाश आधी या तीन पेशींत वाटून बघ. मग मला काय दिसेल ते काढ."

गुंडूचे दिवे जरा वेळ लुकलुकले. "तुम्ही असं बघता होय," तो म्हणाला.

शाल्मलीने आत्याची समजूत घातली आणि संध्याकाळच्या आत आत्या, शाल्मली आणि गुंडू साडी घेऊन दुकानात गेली. आत्याने एक कापड साडीला लावलं. अगदी तंतोतंत जुळलं.

"ताई, ते नको," गुंडू म्हणाला. "दिव्याखाली जुळतंय, उन्हात जुळणार नाही. साडीचा आणि याचा रंग वेगवेगळ्या मिश्रणाचा आहे, आणि उन्हाचा प्रकाश दिव्यापेक्षा वेगळा असतो." त्याने शेजारचं कापड उचलून दिलं.

आत्या दोन्ही घेऊन दाराबाहेर गेली. तिने निवडलेलं उन्हात हिरवट दिसत होतं. गुंडूचं साडीत मिसळून गेलं.

"शाल्मली, उद्या कंपनीला फोन लाव," आत्या म्हणाली. शाल्मलीचा चेहरा उतरला. "सांग त्यांना, गुंडू आमच्याकडेच राहणार."

घरी निघताना शाल्मलीने गुंडूचा हात घट्ट धरला. "आम्हाला ओळखू येत नाहीत असे रंग तुला दिसतात ना रे? मला दाखवशील?"

"मग हळू चाल," गुंडू म्हणाला. "रस्त्यात पुष्कळ आहेत."