हुबेहूब इंजिनाची वाफ कुठे गेली?

घाटाच्या तिसऱ्या वळणावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, इंजिनाने मान टाकली. धुराड्यातून वाफेऐवजी कोमट पाण्याची पिचकारी उडाली, चाकं जराशी मागेपुढे झाली आणि गाडी उतारावरून उलटी घरंगळत निघाली. केतकीने धावत जाऊन ती पकडली म्हणून वाचली.

बर्नर पेटलेला होता. पाणी भरपूर होतं. मग वाफ गेली कुठे?

"तुझ्या डोक्यात गेली!" केतकी मापारीवर ओरडली.

मापारी म्हणजे गावातल्या रेल्वेप्रेमी मंडळाचा यंत्रमानव. काहीही दाखवा, तो त्याची केसाएवढीही चूक न करता मापं घ्यायचा, म्हणून त्याचं हे नाव. २०५८ साल होतं. सातमोरीच्या डोंगरावरची नॅरोगेज (नेहमीपेक्षा अरुंद रुळांची रेल्वे) कधीच बंद पडली होती. पण गावातल्या हौशी मंडळींनी जुन्या मालधक्क्यात तिची प्रतिकृती उभी केली होती. घाट, बोगदा, सात मोऱ्या (रुळांखालचे छोटे पूल), सगळं मूळच्यापेक्षा सोळा पट लहान. त्या रुळांवर खऱ्या वाफेची गाडी धावावी म्हणून केतकी सुट्टीभर खपत होती.

मंडळाचे प्रमुख हर्डीकरकाका मिशीला हात लावत जवळ आले. "केतकी, आपलं ठरलंय हं. आज संध्याकाळपर्यंत घाट चढली तर ठीक. नाहीतर उद्या रुळांत वीज सोडायची. त्यानंतर इथे वाफेचं नाव काढायचं नाही."

"काका, पण..."

"अगं, छोटीशी मोटर बसवू. धुराड्यात धुराची डबी ठेवू. मस्त भकभक धूर येईल. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना!"

ती इतक्या जोरात बोलली, की काका दोन पावलं मागे सरले. मग ती पुन्हा मापारीकडे वळली. "तुला काय सांगितलं होतं मी?"

"हुबेहूब कर, सोळा पट लहान, एकही गोष्ट सोडू नकोस," मापारी शांतपणे म्हणाला. "मी सोडली नाही. खिळेसुद्धा सोळा पट लहान आहेत. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरवर (पाणी उकळून वाफ करणाऱ्या बंद टाकीवर) दोन बोटं जाड लोकर होती. तीही सोळा पट पातळ केली. आता ती पोळीएवढी पातळ आहे."

त्याच्या त्या शांत आवाजाने केतकीच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. तिच्या कडेवर टिलू होता, केतकीचा पाच महिन्यांचा भाऊ. टोपडं, स्वेटर, वर शाल. फक्त नाक दिसत होतं.

"त्याला कशाला एवढं गुंडाळलंयस?" केतकी त्याच रागात म्हणाली. "तू तर साध्या कुडत्यावर आहेस."

"अगं, एवढासा जीव. पटकन गार पडतो."

"का पण? एवढासा आहे म्हणून का?"

आईने टिलूची शाल नीट केली. "खरंच की गं. हे मलाही सांगता येणार नाही."

"मला येईल," मापारी म्हणाला. स्लीपर (रुळांखालच्या आडव्या फळ्या) कापून उरलेले सारख्या आकाराचे लाकडी ठोकळे त्याने पुढे ओढले. "एका ठोकळ्याला बाजू किती?"

"सहा. मला बालवाडीत बसवतोयस का?"

"आता आठ ठोकळे रचून दुप्पट लांबीचा मोठा ठोकळा कर. बाहेरून दिसणाऱ्या बाजू मोज."

केतकीने ते आपटत आपटत रचले. "प्रत्येक अंगाला चार. अंगं सहा. चोवीस."

"आठ ठोकळ्यांना चोवीस. म्हणजे एकेकाच्या वाट्याला?"

"तीन." ती थबकली. "सुट्या ठोकळ्याला सहा होत्या."

"उष्णता साठते घनफळात (आत मावणाऱ्या जागेत). निसटते पृष्ठफळातून (बाहेरच्या अंगातून). वस्तू लहान झाली, की आतल्या ऐवजाच्या मानाने तिचं बाहेरचं अंग वाढतं. निम्मी केली तर दुपटीने."

"आणि सोळा पट लहान केली, तर सोळा पट!" केतकीने टिलूकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. "म्हणजे याचं पाणी मोठ्या इंजिनापेक्षा कितीतरी भराभर गार होतंय, आणि वर आपण त्याची लोकर पातळ केली! वाफ नळीतच गार होऊन तिचं परत पाणी झालं. तेच धुराड्यातून उडालं."

"बरोबर."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"तू म्हणालीस, हुबेहूब कर. चालेल असं कर, असं म्हणाली नाहीस."

केतकीने हातातला पाना टेबलावर आदळला. चूक आपलीच आहे हे तिला कळलं होतं, आणि म्हणून तर ती जास्तच चिडली होती. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "चिड हवी तेवढी. पण हात चालू ठेव."

मातीची भांडी भाजायच्या भट्टीच्या दाराला लावतात ती न जळणारी पांढरी लोकर मंडळात होती. इंजिन गार झाल्यावर केतकीने हातमोजे घालून ती बॉयलरभोवती जाडजूड गुंडाळली. वाफेच्या नळीलाही गुंडाळली. मापारीने तारेने बांधली. हर्डीकरकाका बघतच राहिले.

"हे काय! गाडी आहे की स्वेटर घातलेली म्हैस?"

"चढू दे मग बोला," केतकी म्हणाली आणि तिने बर्नर पेटवला.

म्हैस निघाली. सपाटीवर नीट गेली. बोगद्याच्या तोंडाशी मात्र तिचं जाडं अंग भिंतीला घासलं आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. लोकरीचा एक पुंजका बाहेर राहिला आणि गाडी आत शिरली. पलीकडून बाहेर आली ती फुसफुसत, खरीखुरी वाफ सोडत. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यावर तिचा वेग मंदावला, पण ती थांबली नाही. माथ्यावरच्या इवल्याशा स्टेशनात ती शिरली, तेव्हा आईनेच आधी शिट्टी मारली.

हर्डीकरकाका वाकून ती लोकर न्याहाळू लागले. मग म्हणाले, "जिंकलीस बाई. वीज नको. पण वरून एक छानसा पत्रा लावू या का? ती लोकर झाकली जाईल."

"अजिबात नाही."

"अगं, लोक विचारतील, हे पांढरं काय म्हणून."

"विचारू देत ना! मी सांगेन."

"चंद्रावरच्या काळोख्या खड्ड्यांत मुठीएवढी यंत्रं पाठवायची म्हणतात," मापारी मध्येच म्हणाला. "त्यांच्यापुढेही पटकन गार पडण्याचा हाच प्रश्न असणार."

"मग त्यांनाही आपण सांगू," केतकी म्हणाली. "पण तू आधी इकडे ये. आजपासून मी काहीही करायला सांगितलं ना, की तू मला उलट विचारायचं: दिसायला हवंय, की चालायला?"