गढीच्या दाराशी धरणे

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ड्रुमकार गढीच्या मातीच्या तटावर पहाट उजळली, तेव्हा खाली दरवाजात विधवा मुरेन तिसऱ्या दिवशीही उपाशी बसलेली पाहून भालाईतांचा नाईक डोनगल पुरता वैतागला. राजाचा पुतण्या आयलिल याने तिच्या गाई हाकून नेल्या होत्या. आणि त्या राज्याची रीत अशी की, फिर्यादी दाराशी उपाशी असता राजाने घास घेतला, तर त्याचा शब्द कवडीमोल ठरे आणि गादीही जाई. राजाने निःशस्त्र, एकट्याने बाहेर येऊन फिर्यादीच्या हातात हात दिला, तरच धरणे उठे.

डोनगलने तिला स्वतःच्या गाई देऊ केल्या होत्या.

"तुमच्या गाई घेऊन मी काय करू, नाईक? मला न्याय हवाय," एवढेच ती म्हणाली.

तो आत गेला. सतराव्या वर्षी गादीवर आलेला, दोन वेढे मोडून काढलेला राजा फिआख्रा उपासाने पांढरा पडला होता.

"महाराज, हा कट आहे. आपण बाहेर यावे म्हणूनच आयलिलने गाई नेल्या. त्याची माणसे गर्दीत उभी आहेत. बाईला हलवण्याची आज्ञा व्हावी."

"गाई नेल्या, हे खरे ना?"

"खरे, महाराज."

"मग बाई खोटी नाही. तिला हलवले, तर मी राजा कसला?"

"निदान अंगात चिलखत तरी..."

"रीत तुला ठाऊक आहे, डोनगल."

रीत, रीत आणि रीत! डोनगलचे डोके भणभणले. शंभर तलवारींपुढे न डगमगलेला हा माणूस जाणूनबुजून सुरीखाली मान देत होता, आणि त्याला वाचवणाऱ्याचे हात त्याच रितीने बांधले होते.

राजा बाहेर आला. "तुझ्या गाई तुला मिळतील," असे म्हणून त्याने मुरेनचा हात हाती घेतला, तोच गर्दीतून तीन सुरे निघाले. डोनगलने धावत येऊन एकाला लोळवले, पण तोवर राजा कोसळला होता.

सांजेला आयलिल गादीवर बसला. भालाईत डोनगलच्या शब्दातले, म्हणून त्याला हात लावायची नव्या राजाची छाती झाली नाही.

दुसऱ्या पहाटे मुरेन पुन्हा दरवाजात येऊन बसली. गाई काही मिळाल्या नव्हत्या. डोनगलने भाला तटाला टेकवला आणि तिच्याशेजारी मांडी घातली.

"तुमची काय फिर्याद, नाईक?"

"माझा धनी मारला."

मुदपाकखान्यातून नव्या राजाचे ताट घेऊन निघालेला आचारी त्या दोघांना पाहून थबकला, आणि ताट तसेच परत घेऊन गेला.