जात्याची पलीकडची बाजू

त्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं, पण थेंब पडत नव्हता. निघोज्याच्या शिवारात बाजरीचं कणीससुद्धा हलत नव्हतं. पितृपक्षातली अविधवा नवमी होती ती. सयाजीनं भात, वडे, खीर वाढून पान छपरावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत उभा राहिला.

पान मंजुळाकाकीचं. काकी कपाळावरच्या कुंकवानिशी गेली, पोटी मूल नाही, म्हणून तिचं सयाजीच करायचा. काकी आणि त्याची आई अंबूबाई, दोघी जावा, हयातभर एका जात्यावर समोरासमोर बसून दळलेल्या.

पण सयाजीचा जीव आईत अडकलेला. तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पिंपरीच्या कारखान्यात नवी नोकरी. सोमवारी हजर नाही झाला तर नाव कापणार. बाई ठेवावी, तर म्हातारी टिकू देईल तेव्हा ना! "बसा आजी, मी करते," असं जी म्हणाली ती गेलीच समजा. एकीला तर डाव्या हातानं फुंकणी दाखवली, तुटक्या बोबड्या बोलीत म्हणाली, "माजा येक हात हाय अजून!" शेवटी शेजारची नूरबी म्हणाली, "चाकणहून बाई धाडते बाबा, वळखीची हाय."

कावळा काही आला नाही. बाई मात्र आली. हिरवं लुगडं, अंगाला ताज्या पिठाचा वास.

"नूरबीनं धाडलं का?"

ती नुसती हसली.

सयाजीला आनंद असा झाला, की छपरावरचं पान काढून त्यानं तिच्याच पुढं ठेवलं. कावळा शिवल्याबिगर पान हलवू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आनंदात माणसाचं चुकतं. बाई जेवून उठली... पान भरलेलंच. फक्त खिरीला वास उरला नव्हता.

ती सरळ जात्याशी बसली. "बसा" म्हणाली नाही. अंबूबाईकडं बघून एवढंच म्हणाली, "ये गं."

घरघर सुरू झाली. जिच्या तोंडून शब्द धड फुटत नव्हता, त्या अंबूबाईनं ओवी उचलली! दुसऱ्या गळ्यानं ती पुरी केली. मग आईचं खळखळून हसू... "नीट वढ गं मंजे, जल्माची आळशी!"

अंगणात सयाजीच्या अंगावर काटा आला आणि त्यालाही हसू फुटलं. किती दिवसांनी हसली होती म्हातारी!

तेवढ्यात नूरबी आली. मागं बोचकं घेतलेली एक बाई.

"उशीर झाला बाबा. गाडीचा बैल लंगडला. ही बघ, आत्ता पोचली चाकणची..."

सयाजीनं नुसतं घराकडं बोट केलं. नूरबीनं खिडकीतून डोकावलं. बराच वेळ बघत राहिली. मग पदर तोंडाशी धरून मागं सरली. डोळे पाणावलेले, पण हसरे.

"सयाजी, हिला मी माज्याकडं ठिवते. तू खुशाल जा कामावर," ती हळूच म्हणाली. "पलीकडं पीठ सांडलंय, त्यावर कुणी बसल्याची खूण न्हाई... आईचा उजवा हात मांडीवर पडलाय... पर बाळा, जात्याच्या खुंट्यावर हात दोन हायत."