तीन लाख तेवीस हजार तीनशे तेवीस

कबनूरच्या शेडमध्ये एकोणीस यंत्रमाग होते आणि ते एकदम चालू झाले की माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे. आदिती कॉलेजात गणित शिकवायची. सासरच्या या खडखडाटाशी तिचं कधी जमलं नाही. तिचा नवरा ऋषभ मात्र त्यातच वाढलेला, शेडचा मालक.

यंदा त्या मागांना जणू रक्ताची चटक लागली होती. आधी सातव्या मागाचा आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि ज्ञानू या कामगाराच्या डोळ्यात घुसला. मग अकराव्यानं एका बाईचा पंजा गिअरमध्ये ओढून त्याच्या चिंध्या केल्या. तेराव्याचा पट्टा तुटला आणि मागांची देखभाल करणाऱ्या जॉबर गुंडूच्या भावाचा जबडा फाटला. सतराव्यानं तर एकाचा जीवच घेतला. भिंतीवर दोनदा चुना मारला, तरी डाग वर येतच होता.

"मशिनी जुन्या हायत, वैनी," गुंडू म्हणाला. "पण काउंटर बघा की."

धोट्याच्या फेऱ्या मोजणारा सहा आकडी काउंटर चारही मागांवर एकाच जागी थांबला होता. ३२३३२३. सतराव्याचा तर गुंडूनं अपघाताच्या आदल्याच दिवशी शून्यावर आणला होता.

आदितीचा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नव्हता, पण आकडा दिसला की तिला स्वस्थ बसवत नसे. तिनं त्या संख्येचे अवयव पाडले. सात, अकरा, तेरा, सतरा. आणि एकोणीस. पाच मूळ संख्यांचा गुणाकार, बस्स. चार झाले होते, एकोणिसावा उरला होता.

खंडेनवमीला मागांची पूजा करायची आणि दसऱ्याला मालकानं स्वतः एक माग चालू करायचा, दरवर्षी पुढचा, ही त्या घराची रीत. गेल्या दसऱ्याला अठरावा झाला होता.

"अहो, एकोणिसाव्याला हात लावू नका," आदिती म्हणाली. त्याचा फ्यूज तिनं आधीच काढून घेतला होता.

"तुझं गणित कॉलेजात ठेव की." ऋषभ हसला, पण तिचा चेहरा बघून नरमला. "मग कुठला चालवू?"

"पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. त्याला धोका नाही. एक ही मूळ संख्याच नाही."

ऋषभनं नारळ फोडला, हात जोडले आणि पहिल्या मागाचा दांडा ओढला.

धोटा एकदाच पलीकडं गेला.

परत आला तो थेट बाहेर. त्याचं लोखंडी टोक ऋषभच्या गळ्यात रुतलं आणि तो उभ्या धाग्यांवर कोसळला. आदितीनं दोन्ही हातांनी जखम दाबली. रक्त बोटांतून उसळत तिच्या कोपरापर्यंत आलं. तो तिच्याकडं बघत होता. मग नुसते डोळे उघडे राहिले.

काउंटरवर ३२३३२३.

एक मूळ नाही, संयुक्तही नाही. पण एकानं प्रत्येक संख्येला भाग जातो. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट तिला सुचली नव्हती. त्याला तिथं तिनंच उभं केलं होतं.

गुंडूनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. शेड गप्प झाली.

पार टोकाला, फ्यूज नसलेल्या एकोणिसाव्याचा काउंटर टिकटिक करत पुढं सरकत होता.