मंगळवारची बाटली

कंपनीच्या मेसमधल्या भाजीच्या खोलीचं दार मी जीव खाऊन ढकललं, आणि नेमकं तेव्हाच ते आतून कुणीतरी उघडलं. मी सरळ वांग्यांच्या ढिगावर जाऊन पडले. वर पाहिलं... तर हर्षल.

"अवो एजंटबाई," तो म्हणाला, "वांगे आहेत ते. गादी नाही."

एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. पण बाहेर सायरन कोकलत होता आणि ऑफिसच्या काचा फुटत होत्या. त्यानं हात पुढे केला. मी तो धरला आणि उठल्यावरही सोडायचं विसरले. म्हणजे, विसरले असं म्हणू या.

"तू बसमधी काऊन नाही गेली?" त्यानं विचारलं. "साहेब लोकाइच्या गाड्या गेल्या, मंग तुमची बस गेली मागच्या गेटनं. मी पाह्यली न."

"चप्पल तुटली होती."

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. पायात कंपनीचे बूट होते, लेस घट्ट बांधलेले. तो गालातल्या गालात हसला, आणि एवढ्या भीतीतही मला त्याचा राग आला.

"आणि तू? एवढा गोंधळ चालू असताना तू कशाला आलास?"

"भाजी टाकाले," तो म्हणाला. "मंगळवार आहे न."

आमची ही मंगळवारची भानगड काय ती सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

संग्रामपूरकडचा हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण खारट. त्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी टणक राहते आणि चहात दूध घातलं की फाटतं. दोन वर्षांपूर्वी 'मधुजल' कंपनी आली. मग नियम आला, की या पट्ट्यात गोडं पाणी फक्त कंपनीचं. कुणाकडे गोड्या पाण्याची विहीर सापडली की पथक येणार आणि काँक्रीट ओतून ती बुजवणार. जो शेजाऱ्याची विहीर दाखवेल त्याला सहा महिने पाणी फुकट. त्यामुळे ज्याला गोडं पाणी लागलं, तो सख्ख्या भावालाही सांगेनासा झाला.

लपवलेल्या विहिरी हुडकायचं काम आम्हा एजंटांचं. पद्धत अगदी साधी होती. जेवायच्या वेळेला घरात शिरायचं आणि वरण मागायचं. डाळ मऊ शिजलेली असेल आणि घरात कंपनीचा कॅन नसेल, तर समजायचं, विहीर आहे. मी साखरखेर्ड्याची मंजुश्री, शिकाऊ एजंट. सहा महिन्यांत एक तरी विहीर दाखवायची, मग पक्की नेमणूक. तोवर डाव्या मनगटावर निळा दिवा लागलेला पट्टा, जो आपल्या हातानं निघत नाही. मी लागले तेव्हा घरच्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. आज पेढ्यांची ती आठवणही नको वाटते.

दोन महिन्यांपूर्वी मला वरवट बकालला अन्नपूर्णाबाईंच्या घरी नेलं. मला शिकवणारे अर्जुनराव ओट्यावर फोनवर बोलत बसले, मी आत पाटावर. अन्नपूर्णाबाईंनी टणक डाळीचं वरण वाढलं. एजंटांसाठी खाऱ्या पाण्यात शिजवलेलं असं एक वेगळं पातेलं विहीर लपवणाऱ्या घरांत असायचं, हे मला नंतर कळलं. मी सकाळपासून उपाशी होते, मुकाट्यानं ते दाणे चावत राहिले.

"कुठची व पोरी तू?" त्यांनी विचारलं.

"साखरखेर्ड्याची."

"माय हाय का?"

"आहे ना. तीन महिने झाले भेटून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझं ताट उचलून त्यांनी ते वरण बाजूला ओतलं, चुलीमागचं दुसरं पातेलं ओढलं आणि गरम भातावर मऊसूत वरण वाढलं, वर तुपाची धार. दारात त्यांचा मुलगा उभा होता. त्याचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. पळी हातातच राहिली. उपाशी पोरीला कच्ची डाळ कशी घालायची, एवढंच त्या बाईच्या मनात आलं होतं.

मी ते वरण खाल्लं. आणखी मागून घेतलं. बाहेर आल्यावर अर्जुनरावांनी विचारलं, "शिजली होती का?"

"दगड," मी म्हणाले.

दारातला तो मुलगा म्हणजे हर्षल. त्यांच्या मळ्यातली भाजी दर मंगळवारी कंपनीच्या मेसमध्ये यायची. पुढच्या मंगळवारी मी भाजीच्या खोलीवरून जात होते, तर त्यानं पालकाच्या जुड्यांखालून एक स्टीलची बाटली काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या विहिरीचं पाणी. अख्ख्या कंपनीत गोड्या पाण्याचे नळ, आणि मी दर मंगळवारी चोरून त्याच्या घरचं पाणी प्यायला लागले. कंपनीचं पाणी नुसतं ओलं असतं. या पाण्याला चव होती... थोडी मातीची, थोडी माठाची.

"कसं लागलं?" तो विचारायचा.

"पाण्यासारखं."

"मंग पुढच्या मंगळवारी जास्त आणतो."

एवढंच आमचं बोलणं. आठ मंगळवार झाले होते.

आणि आज सकाळी पथकानं वरवट बकालच्या तीन विहिरी बुजवल्या. दुपारपर्यंत चार गावं कंपनीच्या गेटवर येऊन धडकली, आणि मोठं गेट पडलं.

"आता ऐक," हर्षल म्हणाला. त्यानं कोपऱ्यातल्या पिशवीतून एक साडी काढली. हिरवी, बारीक बुट्ट्यांची. "ह्या निळ्या ड्रेसवर लोक लय खवळलेले आहेत. हे गुंडाळ वरून."

भाजी टाकायला येणारा माणूस सोबत साडी कशाला आणेल, हा प्रश्न माझ्या मनात आला. पण तेवढ्यात बाहेर काहीतरी धाडकन कोसळलं आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

"पाठ कर," मी म्हणाले.

"केली."

"डोळे मीट."

"पाठ केल्यावर डोळे काऊन मिटू?"

"समोर स्टीलचं कपाट आहे. त्यात दिसतंय."

त्यानं डोळे मिटले. त्याचे कान मात्र लाल झालेले मला मागून दिसत होते. गणवेशावरून साडी गुंडाळताना निऱ्या काही केल्या जमेनात. शेवटी कशीबशी खोचली आणि डोक्यावर पदर ओढला. राहिला पट्टा. मी तो कोपरापर्यंत सरकवायचा प्रयत्न केला, दातांनी ओढला. निळा दिवा आपला शांतपणे लागलेला.

"आण इकडे," म्हणत हर्षलनं माझं मनगट धरलं. त्याच्या तळव्याखाली पट्टा पूर्ण झाकला गेला. "आता हात सोडू नोको."

"मी कुठं धरलाय? तूच धरलायस."

"मंग मी सोडत नाही."

मागच्या दारानं आम्ही अंगणात आलो. कुणीतरी पहार घालून उंच टाकीचा मुख्य पाइप फोडला होता. वैशाखातलं रणरणतं ऊन, आणि त्यात चारी बाजूंना पाण्याच्या धारा कोसळत होत्या. दगड चाललेले, आरडाओरडा, ऑफिसच्या खिडकीतून धूर. आणि त्या सगळ्याच्या मधोमध बायका शांतपणे रांग लावून गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरत होत्या. एकीनं तर दुसरीला दटावलं, "नंबर माहा हाय." इतकी भीती वाटत असताना मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"रडून राह्यली का?"

"पाणी आहे वरचं."

आम्ही त्या धारांखालून चाललो. पळायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं, पळणाऱ्याकडे लोक बघतात. साडी चिंब होऊन अंगाला चिकटली. एक दगड आमच्या पायाशी येऊन पडला तेव्हा माझं मनगट त्यानं एवढं घट्ट आवळलं की नंतर दोन दिवस तिथे वळ होता. समोरून चारजण लोखंडी गज घेऊन आले, हर्षलला ओळखून एकानं विचारलं, "कोण रे ही?" तो न थांबता म्हणाला, "घरची हाय." माझ्या छातीत धडधड आधीच चालू होती. ती आता कशाची होती, कुणास ठाऊक.

भाजीच्या छोट्या गेटजवळ त्याचा लोडिंग ऑटो उभा होता. मी मागे चढले. मागचे सगळे क्रेट रिकामे आणि कोरडे होते. कुठे पालकाचं पान नाही, मातीचा कण नाही. मी हर्षलकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

मग त्यानं माझा हात सोडला. सोडावाच लागला, ऑटो चालवायला दोन्ही हात लागतात. मी मनगट पदराखाली लपवलं. पण पदर पातळ, त्यात भिजलेला... ऑटो गेटपाशी आला तेव्हा त्या हिरव्या कापडातून निळा उजेड साफ दिसत होता.

"थांब बे हर्षल," एक बाई ऑटोसमोर उभी राहिली. तानाबाई. हर्षलच्या घराशेजारचं घर तिचं. सकाळी बुजवलेल्या तीन विहिरींतली एक तिची. हातात गवत कापायचा विळा होता. तिनं माझा पदर ओढला आणि मनगट वर धरलं. "पाहा व बायांनो. एजंट हाय."

बघता बघता वीस-पंचवीस बायका जमल्या. मागून माणसंही यायला लागली. हर्षल उडी मारून मध्ये आला. "काकू, इनं काहीच नाही केलं."

"ह्याइनं आमच्या पंगतीले बसून वरण खाल्लं अन् विहिरी दाखोल्या. लेकराइच्या तोंडचं पाणी गेलं माह्या. अन् तू हिले लपोतो?"

"मी नाही सांगितलं," मी म्हणाले. "खरंच, मी कुणाचीच विहीर सांगितली नाही."

"सारेच असं म्हणते."

आणि खरंच, माझ्याकडे दाखवायला काय होतं? न लिहिलेली गोष्ट दाखवायची कशी? मला माहीत असलेली एकच विहीर होती. तिचं नाव मी इथे उच्चारलं असतं तर कदाचित सुटले असते. पण ज्या घराची विहीर दोन महिने पोटात ठेवली, ती वीस जणींत उघडी करायची? मी ओठ घट्ट मिटले. हर्षलनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला ते कळलं. त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मागून आवाज आला.

"ही तं माही साडी हाय."

गर्दीतून अन्नपूर्णाबाई पुढे आल्या, डोक्यावर भरलेला गुंड. त्यांनी साडी पाहिली, मग माझा चेहरा, मग लेकाचा. गुंड खाली ठेवला.

"तानाबाई, हात सोड तिचा. हिले माही विहीर मालूम होती."

"तुही विहीर?" तानाबाईच्या हातातला विळा खाली आला. "तुही कोणती विहीर?"

"गोठ्यात हाय, कडब्याखाली. दोन महिने झाले, ह्या पोरीनं माह्या घरी मऊ डाळ खाल्ली. म्याच वाढली, येड्यावानी." अन्नपूर्णाबाई सगळ्यांकडे बघून बोलत होत्या, सावकाश. "आज सकाळी पथक तुह्या घरी आलं, तिच्या घरी गेलं. माह्या घरी आलं का? नाही आलं. मंग सांगा, हिनं काय केलं?"

एका बाईनं हातातला दगड हळूच खाली टाकला.

"दोन वर्सं," तानाबाई म्हणाली, "भिंतीले भिंत लागून राह्यतो आपण. अन् मले नाही सांगितलं?"

"तू सांगतली का मले तुही?"

तानाबाईनं खाली पाहिलं. मग माझं मनगट पुन्हा धरलं. मी डोळे मिटून घेतले. विळ्याचं टोक पट्ट्याखाली शिरलं, थंडगार, आणि एक झटका बसला. डोळे उघडले तेव्हा पट्टा चिखलात पडला होता आणि दिवा विझला होता.

"मी माफ नाही केलं," तानाबाई मला म्हणाली. "अन्नपूर्णेसाठी सोडली." मग त्यांच्याकडे वळून, "उद्या सकाळी घागर घेऊन येतो."

"ये," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "साऱ्याच या."

त्या ऑटोत माझ्या शेजारी येऊन बसल्या, मांडीवर गुंड. उद्यापासून त्यांची विहीर सगळ्या गावाला माहीत असणार होती, आणि कंपनीला कळायला किती दिवस लागतील, कोण जाणे. मी त्यांचा हात हातात घेतला आणि तो त्यांनी काढून घेतला नाही.

वरवट बकालच्या अलीकडे कडुलिंबाच्या सावलीत हर्षलनं ऑटो थांबवला आणि सीटखालून स्टीलची बाटली काढून माझ्यापुढे धरली. अन्नपूर्णाबाईंनी बाटलीकडे पाहिलं.

"ही माही बाटली. दोन महिन्यांपासून शोधून राह्यली मी," त्या म्हणाल्या. मग आमच्या दोघांकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. "पाय मोकळे करतो जराशे," म्हणत त्या ऑटोतून उतरल्या आणि लिंबापलीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मी पाणी प्याले. हर्षल हँडलवर हात ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

"क्रेट रिकामे होते तुझे," मी म्हणाले.

"हाव."

"साडी घरून आणली होतीस."

"हाव." त्यानं आरशावरची धूळ बोटानं पुसली. "लोक निघाले तसा मी शेताच्या धुऱ्यावरच्या रस्त्यानं त्याइच्या आधी आलो. तू बसमधी दिसली नाही, मंग... मंग मले काई सुचलंच नाही. लय भेव वाटलं."

कुणी माझ्यासाठी एवढं भ्यालं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

"आता तू खरं सांग," तो म्हणाला. "बस काऊन सोडली? चप्पल नोको सांगू."

मी बाटलीचं झाकण लावलं. मग उघडलं. मग पुन्हा लावलं.

"बस फाटकात उभी होती," मी म्हणाले, "आणि मी पायरीवर पाय ठेवला होता. तेवढ्यात आठवलं, की आज मंगळवार आहे. तू येशील, आणि मी नसेन."