माळ्यावरचं पीठ

ऐका. थंड मुलखात, झिंडेलफिंगेन नावाच्या जर्मन गावापलीकडं, एक शेत होतं. शेतावर फ्राऊ केर्न नावाची विधवा म्हातारी राहायची, आणि तिच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं आपली दोन माणसं: मोटारीच्या कारखान्यातला इंजिनियर पुष्कर आणि त्याची बायको सुलेखा. तिसरं माणूस होतं, त्यांची लेक वैभवी. भिंत सोडून नुकती पावलं टाकायला लागली होती. पानगळीत ताप आला आणि पोर गेली. चर्चमागच्या मातीत निजवली तिला. सासूबाई, प्रभाबाई, फोनवर म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराचं दिवसकार्य नसतं गं. पीठ नाही, दिवा नाही. रडून मोकळी हो." सुलेखाला तेही जमलं नाही.

दोन हजार पंधराचा तो हिवाळा. माळ्यावर खुडबुड सुरू झाली. मार्डर होता तो, अंगानं मुंगूस, चालीनं मांजर. त्यानं म्हातारीच्या कोंबड्या मारल्या, पुष्करच्या गाडीच्या वायरी कुरतडल्या.

"आम्ही वर्षभर बसून वायरी डिझाइन करायच्या," पुष्कर म्हणाला, "आणि टेस्टिंगला हा!"

सुलेखा हसली नाही. सवयच मोडली होती.

फ्राऊ केर्न लाकडी पिंजरा घेऊन वर आली. "आल्झो, हे बघ, हा कुठंही ठेवून चालत नाही. मार्डरची वाट ठरलेली असते. संध्याकाळी माळ्यावर पीठ पसर. सकाळी पावलं दिसतील. तिथंच पिंजरा."

पीठ म्हटल्यावर सुलेखाला घरची रीत आठवली. आपल्याकडं माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपली झाकतात. सकाळी ठसा बघायचा, जीव कुठल्या जन्माला गेला. एरवी कोण जमिनीवर पीठ सांडतं?

दिवस लवकर मावळतो तिकडं. ती चाळण घेऊन माळ्यावर गेली. जुन्या लाकडाचा, कुबट गवताचा वास. कोपऱ्यात घडी करून ठेवलेला वैभवीचा पलंग. पीठ चाळून झालं, आणि हातांनी आपल्या मनानंच पणती लावली. वात दक्षिणेला.

"अगं, दिवा कशाला? लाकडाचं घर आहे," पुष्कर शिडीवरून म्हणाला.

"अंधार होता..." ती म्हणाली. पण विझवली नाही.

सकाळी धुकं खिडकीला टेकलं होतं. तेल संपून पणती निमाली होती. पिठात मार्डरची पावलं होती, तुळईपासून कोपऱ्यापर्यंत. आणि त्यांच्यामागं दुसरी. अनवाणी. टाच धड न टेकलेली, मधेच घसरलेली, नुकतं चालायला शिकलेलं मूल मांजरामागं धावतं तशी.

फ्राऊ केर्न वाकली. "गेनाऊ. हीच वाट. इथंच..." मग तिची नजर मागच्या पावलांवर गेली.

"इथं नको," सुलेखा म्हणाली. "फ्राऊ केर्न, इथं नको... खुराड्याशी ठेवा."

"हो," म्हातारी पुटपुटली. "हो, खुराड्याशी."

पुष्करनंही ती पावलं पाहिली. त्याच्या मनात एकच भीती, ही खुडबुड थांबली नाही तर बायकोही हातची जाईल. पोर गेली ती गेली, ही तरी राहावी. सांजेला सुलेखा तळघरात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात त्यानं पिंजरा आणून त्याच वाटेवर मांडला. आत अंडं.

पहाटे झडप पडली. आवाजानं दोघं वर धावली. पुष्करनं जाळीतून बॅटरी मारली. अंडं जसंच्या तसं.

"रिकामा आहे, बघ," तो म्हणाला, आणि उचलायला वाकला. उचलला, तसा त्याचा चेहरा उतरला. ते वजन त्याच्या हातांच्या ओळखीचं होतं.

"सुलेखा... जड आहे गं."

तिनं दुसरी बाजू धरली. शिडीवरून दोघांनी मिळून पिंजरा खाली आणला, न हिंदकळवता. दाराशी फ्राऊ केर्न शाल ओढून उभी होती.

"रानाच्या कडेला नेऊन उघडा," ती हळू म्हणाली. "जाणाऱ्याला जाऊ द्यावं, मुली."

पुष्करनं दाराच्या कडीला हात घातला. बाहेर बर्फ पडत होता.

"बाहेर नको," सुलेखा म्हणाली. "आतच उघड."

"सुलेखा, ऐक..."

"इतके दिवस बाहेरच होती ना रे ती."

तिनं स्वतःच झडप वर केली. काही आलं नाही, काही दिसलं नाही. पिंजरा मात्र हलका झाला. मग ती तिथंच फरशीवर बसून रडली, पानगळीपासूनचं साठलेलं सगळं.

मार्डर पुन्हा फिरकला नाही. पुढच्या वर्षी सुलेखाला मुलगी झाली, ऊर्मिला, गुटगुटीत. बारशाला प्रभाबाई पुण्याहून आल्या, फ्राऊ केर्ननं चेरीचा केक केला. दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी दिवसभर बोलत होत्या. भाग्य आलं घराला. उशिरा आलं, पण आलं.

फक्त ऊर्मिला पाळण्यात कडेला सरकून निजते. मधोमध ठेवा, सकाळी कडेलाच. दुसरी बाजू मोकळी. आणि सुलेखा हात लावून बघते, तर तीही ऊबदार असते...